पायथ्याची ओल

३ फेब्रुवारी, मंगळवार

टेपसाहेबांचा बूट गेला! म्हणजे बूट आहे, पण घोट्यापर्यंत चिखलात. मला हसू आवरेना आणि दादाचा चेहरा असा की आत्ता रडेल.

टेपसाहेब हे नाव माझंच. धरणं तपासणाऱ्या कचेरीतला हा माणूस खिशातून टेप काढल्याशिवाय तोंड उघडत नाही. आज आमच्या बांधाची उंची मोजली, माथ्याची रुंदी मोजली, सांडवा मोजला. मी वॉल्व्हच्या खोलीच्या दारात शेंगदाणे खात उभी होते, मलाही मोजतो की काय असं वाटलं. सगळं ठीक चाललं होतं. मग साहेब बांधाच्या पायथ्याशी उतरले आणि — चपक!

"ही ओल कसली?"

"ओल?" दादा म्हणाला. जसा काही शब्दच पहिल्यांदा ऐकला.

दोन सतरंज्या पसरता येतील एवढी जागा, पार लिबलिबीत. एवढ्या उन्हात जमीन आपोआप ओली होत नाही म्हणे. मातीचा बांध आतून झिरपायला लागला की आधी अशी ओल, मग गढूळ पाणी, मग भोक, मग बांधच जातो. "खाली त्रेचाळीस घरं आहेत बाई!" हे मला सांगतायत! त्या त्रेचाळीस घरांना रोज सकाळी सहाला पाणी कोण सोडतं?

निकाल असा: सव्वीस तारखेला परत येणार. ओल असली तर तळं रिकामं करायचं, बांध फोडायचा. नसली तर पाच वर्षं तोंड दाखवणार नाहीत.

जाताना बूट धुवायला पाणी मागितलं. दिलं. आमच्याच बांधाचं.

४ फेब्रुवारी, बुधवार

ओल तिथेच आहे. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

काल चिडून फारसं काही लिहिलं नाही. आज लिहिते.

हा बांध बाबांनी बांधला. मी सहा वर्षांची, दादा तेरा-चौदाचा. एक थर माती टाकायची, पाणी मारायचं, आणि आम्ही दोघांनी वर नाचायचं. हो, नाचायचंच! माती दाबायला रोलर आठवड्यातून दोनदाच मिळायचा, बाकीचे दिवस आमचे पाय. त्या बांधाच्या पोटात माझी एक चप्पलही आहे. ती काढायला बाबांनी नकार दिला. "राहू दे, तेवढीच भर."

आता दादा बहात्तर, मी चौसष्ट. बांध त्याच्याकडे, वॉल्व्ह माझ्याकडे. तो सकाळ-संध्याकाळ काठी घेऊन माथ्यावरून फिरतो, उंदरांची बिळं बुजवतो, रोप उगवलं की उपटतो. मुळं बांध पोखरतात ना. मी वॉल्व्ह उघडते, बंद करते, आणि कोणाच्या नळाला धार बारीक आली की शिव्या खाते. मला बघायला दोन-तीन जण आले होते त्या काळी. मी विचारायचे, "सकाळी सहाला वॉल्व्ह कोण उघडणार?" पळाले बिचारे.

आमचा बांध गेला म्हणून कोणी तहानेनं मरणार नाही, हेही लिहून ठेवते. दोन वर्षांपूर्वी मोठ्या नळाची लाइन रस्त्यापर्यंत आली आहे. त्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून लोक आमचं घेतात इतकंच. उद्या जोडून घेतील, आठ दिवसांत आम्हाला विसरतील. प्रश्न त्यांचा नाहीच. प्रश्न माझा आहे. सकाळी सहाला उठून मी करू काय?

आणि दादा? दादा तर खचेलच. बाबा जाताना त्यानं शब्द दिला होता, "मी आहे तोवर बांधाला काही होणार नाही."

तेव्हा ओल गेलीच पाहिजे. खरी असो नाहीतर खोटी.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दादा दुपारी कुठे जातो?

दोन ते तीन मी झोपते. त्या तासात घर पडलं तरी मी उठत नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. आज डास चावला म्हणून अडीचला जागी झाले, तर दादा घरात नाही. सव्वातीनला आला. बाह्या ओल्या. आणि गुणगुणत होता! वहिनी गेल्यापासून आठ वर्षांत या माणसाला गुणगुणताना मी ऐकलेलं नाही.

"कुठे होतास?"

"इथेच."

मला वाटतं शिंपीणबाई. कोपऱ्यावरच दुकान, स्वभाव बरा, बोलतेही गोड. बाह्या ओल्या का, ते कळत नाही. भांडी घासून देतो की काय तिची?

९ फेब्रुवारी, सोमवार

मोहीम सुरू! सुताराकडून दोन पोती भुसा आणला. "एवढा कशाला?" म्हणाला. म्हटलं, कोंबड्या पाळायच्यात. अकरा वाजता ओलीवर पसरला, तासाभराने खरवडून काढला, वर कोरडी माती टाकून फळीने ठोकली. एक वाजता बघितलं तर असा कोरडा ठणठणीत तुकडा की टेपसाहेबांनी बूट काढून चालावं. स्वतःवर खूश होऊन जेवले, झोपले.

चार वाजता गेले. ओली!

पुन्हा लिहिते. ओली. दोन पोती भुसा वाया.

१० फेब्रुवारी, मंगळवार

भुसा, माती, चुलाण्यातली राख, सगळं एकदम. दीड वाजता कोरडी. चारला ओली. ही ओल आहे की माझी सवत!

११ फेब्रुवारी, बुधवार

आज ओलीवर खाटच टाकून ठेवली. खाली कोरडी माती, वर खाट, खाटेवर चादर. कोणी बघितलं तर बाई ऊन खात बसते एवढंच वाटेल.

दादा आला. "हे काय?"

"ऊन खायला."

"ऊन खायला बांधाच्या पायथ्याशी? अंगणात काय सावली आहे?"

चारला जाऊन बघते तर खाट बाजूला, ओल जागेवर. दादा म्हणे, खाटेचे पाय जमिनीत रुततात, बांधाला बरं नाही. पायथ्याला खाट टोचते म्हणे! मी तोंडावर काही बोलले नाही. मनात भरपूर बोलले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दादाच्या मुलीचा फोन. "आत्या, बाबांना पाठव ना गं माझ्याकडे. बाळ सहा महिन्यांचं झालं, आजोबांनी अजून फोटोच बघितलाय."

म्हटलं, "तो बांध सोडून येईल? त्याचा जीव अडकलाय त्यात."

संध्याकाळी दादाला निरोप दिला. "बघू," म्हणाला, "बांध आहे ना." आणि बाळाचा फोटो उगीच खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

शिंपीणबाईकडे गेले. हेरगिरीसाठी जुना झगा उसवून नेला, तोच शिवायला दिला. इकडचं तिकडचं बोलून सहज विचारलं, "आमचे दादा येतात का हो इकडे?"

"दादा? दिवाणखान्याचे पडदे शिवले त्यानंतर नाही बाई. का, काही शिवायचं होतं?"

डोळ्यांत डोळे घालून बघितलं. खोटं बोलत नव्हती. माझं सगळं प्रकरण आपटलं. वर झगा मूळच्यापेक्षा घट्ट शिवणार म्हणे, "तुम्ही बारीक झालात." ही बाई मला आवडते. वहिनी म्हणून चालली असती.

१६ फेब्रुवारी, सोमवार

टेपसाहेबांकडून पुडी आली आहे. सोबत पत्र. बांधाला लागून तळ्यात एक चमचा रंग टाकायचा, आणि दोन दिवस वॉल्व्ह बंद ठेवायचा. ओल बांधातून येत असली तर रंग पायथ्याला उतरेल. आतल्या चिकणमातीतून यायला निदान दहा दिवस लागतील. पोटात गेला तरी अपाय नाही, असंही खाली लिहिलंय.

दादा बावरला. "कशाला हे रंगबिंग? आपला बांध काय अंगरखा आहे?"

"खरं काय ते कळेल ना."

"कळून काय करायचंय!"

असं कोणी बोलतं का? मी त्याच्याकडे बघतच राहिले, तर काठी घेऊन बाहेर गेला.

चमच्यानं मोजण्याइतका धीर मला नाही. पुडी उलटी केली. तळाला चिमूटभर चिकटून राहिला तेवढा बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिला. आणि वॉल्व्ह दोन दिवस बंद? त्रेचाळीस घरं माझ्या दारात येऊन बसतील! एवढ्या मोठ्या तळ्यात पुडीभर रंग, काय होणार आहे? वॉल्व्ह काही बंद करायची नाही मी.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बाप रे!

वॉल्व्ह सहाला उघडला. साडेसहाला पहिली हाक. सातला दारात गर्दी. सगळे नळ गुलाबी! रंग टाकला तिथून पाइपाचं तोंड चार हातांवर आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. चाळीस वर्षं तोच पाइप वापरते मी!

दातांच्या डॉक्टरांकडे सकाळी पहिला पेशंट. दाताला अजून हातही लावलेला नाही, त्यानं नुसती चूळ भरली आणि थुंकला तर गुलाबी. खुर्चीतच आडवा. न्हाव्याकडे एका आजोबांची पांढरी दाढी धुतली, तीही तशीच. आजोबांना आवडली म्हणे, परत धुवून घेतली. मास्तरांचे सहा पांढरे शर्ट दोरीवर गुलाबी. मास्तर ओरडायला आले होते, पण त्यांची बायको मागे उभी राहून हसत होती, म्हणून ओरडणं काही जमलं नाही.

मी प्रत्येकाला कागद दाखवला, "अपाय नाही, सरकारी रंग आहे." सरकारी म्हटल्यावर लोक गप्प बसतात.

दादाची नखंसुद्धा गुलाबी. पण आज गावात कोणाची नाहीत?

१८ फेब्रुवारी, बुधवार

ओल गुलाबी.

दुपारी चारला गेले. गुडघे टेकून बघितलं. पायथ्याची माती गुलाबी. तळ्याचंच पाणी. म्हणजे बांध खरंच झिरपतोय. संपलं सगळं.

दादाला सांगितलं. "अरेरे," म्हणाला. नुसतं अरेरे! मी तिथेच बसून रडले. खूप रडले. बाबांचा बांध, माझी चप्पल, सगळं आठवलं. दादानं पाठीवर हात ठेवला.

नंतर. तोंड धुताना पत्र आठवलं. रंग यायला निदान दहा दिवस. टाकला सोमवारी संध्याकाळी. आज बुधवार. दोनच दिवसांत?

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज मी झोपले नाही. झोपेचं सोंग घेतलं, घोरलेसुद्धा. दोन वाजता दादा दारात आला, कान देऊन उभा राहिला, आणि पायांचा आवाज न करता गेला. दोन मिनिटांनी मीही निघाले, चपला हातात घेऊन.

वॉल्व्हच्या खोलीमागे तो वाकला. पोत्याखालून झारी काढली. वहिनीची कुंड्यांची पांढरी झारी! ती हरवली म्हणून मी किती शोधली होती. नळाखाली भरली. कंबर धरत, लंगडत पायथ्यापर्यंत नेली. आणि ओतली. रोपांना घालावं तसं सगळीकडे सारखं, सावकाश. परत आला, भरली, नेली, ओतली. आठ खेपा! मधे एकदा कठड्याला टेकून गुडघा चोळत बसला. मग झारी पोत्याखाली, काठी हातात, आणि गुणगुणत घराकडे.

मी आधी हसले. रुमाल तोंडात कोंबला, तरी हसू येत होतं. मी सकाळी वाळवतेय, हा दुपारी भिजवतोय! दोन पोती भुसा! खाट!

तो गेल्यावर झारीत डोकावले. आतून गुलाबी.

मग हसू थांबलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

रागानं काल जेवले नाही. बांध याला नकोच होता! शब्द दिलेला, आणि स्वतःच बांध फोडायला निघालाय, तोही झारीनं! सव्वीसला टेपसाहेबांच्या हातातच झारी देणार आहे. हे बघा तुमचं झिरपणं!

शिक्षा म्हणून दादाच्या चहात मीठ घातलं. प्यायला. वर कप विसळून ठेवला. दुसरी शिक्षा, झारी लपवली. दुपारी वॉल्व्हच्या खोलीमागे खुडबुड खुडबुड.

"काय शोधतोस रे?"

"काही नाही. चष्मा."

"डोळ्यांवर आहे."

"हो की."

नंतर खिडकीतून बघितलं तर चहाची किटली घेऊन निघालेला. किटली! तिच्यात किती पाणी मावतं! वीस-बावीस वेळा गेला असेल. शेवटी शेवटी पाय ओढत होता. मला ते बघवेना. संध्याकाळी झारी पोत्याखाली परत ठेवून आले. अजून रागावलेलीच आहे मी.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मीच विषय काढला. झारीचा नाही. नुसतं विचारलं, "दादा, बांध गेला तर तुला वाईट वाटेल?"

त्यानं काठीनं जमिनीवर एक रेघ मारली. मग म्हणाला, "बाबांनी बांधला तेव्हा खाली काय होतं? झुडपं. आता घरं आहेत. मी माथ्यावर उभा राहिलो ना, की दातांच्या डॉक्टरांची धाकटी बरोबर माझ्या पायाखाली, तिच्या खिडकीत. हात हलवते रोज. पाऊस लागला की मी तीच खिडकी बघत बसतो. हा मातीचा ढीग, त्याच्यामागे एवढं पाणी, आणि खाली ती पोर. बारा वर्षं झाली, पावसाळ्यात मी धड झोपलेलो नाही."

मला हे ठाऊक नव्हतं. एका घरात राहते मी!

"मग बोलायचंस ना!"

"कोणाला? बाबांना शब्द दिलेला. आणि तुझा सगळा जन्म गेला त्या वॉल्व्हवर. बांध काढू या, असं तुला कोणत्या तोंडानं सांगू? टेपसाहेबांनी हुकूम दिला तर गोष्ट वेगळी. मग कोणाचाच दोष नाही."

मी आत जाऊन कांदा चिरायला घेतला. रडायला सोपं जातं.

त्याचा जीव अडकलाय म्हणून मी वाळवत होते. माझा अडकलाय म्हणून तो चोरून भिजवत होता. कोणाचा अडकलाय ते मला माहीत आहे. माझा. खोटं कशाला लिहू? मला बांध हवाय. मला सकाळचे सहा हवेत. वॉल्व्हचं चाक फिरवलं की पाइपातून पाणी धावत जातं तो आवाज हवाय. बारा वर्षं जागलेल्या माणसापेक्षा मला तो आवाज जास्त हवाय का, एवढंच अजून ठरत नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दादा पडला. सकाळी माथ्यावरून उतरताना. गुडघा भोपळ्यासारखा सुजलाय. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस पाय जमिनीला लावायचा नाही. दादा दुपारी दोनदा उठायला गेला. दोनदा मीच परत आडवा केला.

"असं काय काम अडलंय तुझं?"

"काही नाही."

२५ फेब्रुवारी, बुधवार

काल ऊन कडक, आज त्याहून कडक. पायथ्याला जाऊन आले. कोरडं. वरची माती चिमटीत घेतली, वाऱ्यानं उडून गेली. गुलाबी रंगही उरला नाही. फळी लागली नाही, भुसा लागला नाही, मी बोटसुद्धा लावलं नाही. टेपसाहेब उद्या येतील, बघतील, पाच वर्षांसाठी जातील. मला काहीच करायचं नाहीये.

घरात आले. दादानं पडल्या पडल्या विचारलं, "ओल कशी आहे?"

"वाळली. बांध वाचला दादा."

"छान झालं," म्हणाला. "तुझं काम राहिलं." आणि भिंतीकडे तोंड केलं. उशाशी बाळाचा फोटो होता, तो त्यानं उशीखाली सरकवला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

टेपसाहेब अकराला येणार. दादा झोपलाय. सहाला वॉल्व्ह उघडला, आवाज संपेपर्यंत ऐकला. मग पोत्याखालची झारी काढली. आठ खेपा. भरलेली झारी किती जड असते! शेवटच्या खेपेआधी घरात येऊन बिस्किटांचा डबा उघडला. चिमूटभर रंग उरला होता. तोही घातला.